कोरेगावला माघार कोणी घेतली?

डिसेंबर लागला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. पहिला आपल्या लोकांचा : पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना एका दिवसात कापून काढलं. दुसरा समोरच्यांचा : पेशवे स्वातंत्र्यासाठी परकीयांशी लढत होते, तुम्ही इंग्रजांची चाकरी करत होता, मग विजयस्तंभावर जाऊन अभिमान कसला मिरवता? चाकण, भोसरी, सणसवाडीच्या कंपन्यांत काम करणारी आमची पोरं जेवणाच्या सुट्टीत या दुसऱ्या मेसेजला उत्तर म्हणून पहिला मेसेज पुढे करतात आणि तिथेच अडकतात. समोर थोडंफार वाचलेला माणूस बसला असेल तर तो एवढंच विचारतो, कॅप्टन स्टॉन्टन जिंकला होता ना, मग तो पुण्याला का पोचला नाही? रातोरात शिरूरला परत का गेला?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर टाळून मोठ्याने घोषणा दिल्या तर पोरं गप्प बसतात, पण त्यांच्या मनातली शंका जात नाही. म्हणून या वर्षी आम्ही १ जानेवारी १८१८ च्या लढाईबरोबर २ जानेवारीच्या रात्रीबद्दलही बोलणार आहोत. त्या दिवशी माघार दोन्ही बाजूंनी घेतली. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. उलट ती नीट समजली की 'स्वातंत्र्ययुद्ध' आणि 'गद्दारी' या दोन्ही शब्दांचं काय करायचं तेही कळतं.

आधी थोडं मागे जाऊ. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्याची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. पेशव्याचा डाव फसला. नोव्हेंबरच्या मध्यात येरवड्याजवळ पुन्हा गाठ पडली, दुसरा बाजीराव पुणं सोडून निघाला आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते चढवण्यात पुढाकार बाळाजीपंत नातूंचा होता, हे 'गद्दार' शब्द वापरणाऱ्यांना आठवत नाही. त्यानंतर बाजीराव दीड महिना पळत होता. साताऱ्याकडे गेला, पुन्हा उत्तरेला वळला, जुन्नरच्या डोंगराळ मुलखात शिरला आणि जनरल स्मिथ मागावर असताना अचानक पुण्याकडे फिरला. ३० डिसेंबरला तो चाकणला होता. होय, आपलं चाकण. आज जिथे रात्रपाळीच्या बसची रांग लागते त्या परिसरात त्या दिवशी पेशव्याचे हजारो घोडेस्वार होते. पुणं तिथून जेमतेम तीस किलोमीटर.

पुण्यात कर्नल बर्रकडे फौज थोडी होती. त्याने शिरूरच्या छावणीला कुमक मागितली. ३१ डिसेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन शिरूरहून निघाला. बरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशेच्या वर घोडेस्वार आणि दोन तोफा. तोफांवर मद्रास तोफखान्याचे चोवीस युरोपियन गोलंदाज. सगळे मिळून ८३४ माणसं. ही माणसं रात्रभर चालली. सकाळी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूच्या उंचवट्यावर पोचली तेव्हा समोर भीमा नदी आणि नदीपलीकडे पेशव्याचा अख्खा तळ.

इथे जागेचा घोळ नेहमी होतो म्हणून सांगतो. लढाई झाली ती शिरूरकडच्या काठावर, कोरेगाव गावात. स्तंभ आहे तो नदी ओलांडून पुण्याकडच्या बाजूला, पेरणे गावाच्या हद्दीत. आपण मानवंदना देतो तिथे उभं राहून लढाईची जागा नदीपलीकडे दिसते.

स्टॉन्टनने नदी उतरल्याचं सोंग केलं आणि झपकन गावात शिरून भिंतीआड मोर्चे धरले. पेशव्याची फौज अठ्ठावीस हजारांच्या घरात सांगितली जाते, पण तिच्यात बहुतेक घोडदळ होतं आणि मातीच्या भिंतींच्या, बोळांच्या गावात घोडदळाचा काही उपयोग नव्हता. गावावर तुटून पडलं ते पायदळ, सुमारे दोन हजार : अरब, गोसावी आणि कवायती शिपाई. हल्ल्याची सूत्रं बापू गोखले, निपाणीचे आप्पा देसाई आणि त्र्यंबकजी डेंगळे यांच्याकडे. तेव्हा 'अठ्ठावीस हजार पेशवे' असं काही त्या मैदानावर नव्हतं. एक पेशवा होता, तो टेकाडावरून पाहत होता.

दुपारपासून रात्री नऊपर्यंत घराघरात झुंज चालली. अरबांनी गावातली मोक्याची जागा धरली आणि कंपनीच्या माणसांची नदीची वाट तोडली. आदल्या रात्रीपासून चाललेली, उपाशी माणसं, आणि पाणी नाही. नदी डोळ्यासमोर आहे, ऐकू येते आहे, आणि घोटभर मिळत नाही. एक तोफ हातची गेली. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि त्याचं मुंडकं तोडलं गेलं. जबर जखमी लेफ्टनंट पॅटिन्सन पुन्हा उठला, शिपाई त्याच्याबरोबर तुटून पडले आणि तोफ परत घेतली. पॅटिन्सन पुढे त्या जखमांनीच मेला. काही जणांनी शरण जाऊ असा विषय काढला, तेव्हा स्टॉन्टनने चिझमचं धड दाखवून शरण गेल्यावर काय होईल ते सांगितलं, असं ग्रँट डफ लिहितो. रात्री अरब गावातून निघून गेले, तेव्हा कुठे पाणी मिळालं. ८३४ पैकी २७५ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

आता २ जानेवारी. पेशव्याची फौज अजून आसपास होती. स्टॉन्टनकडे अन्न नव्हतं, दारूगोळा संपत आलेला होता, जखमींचा ढीग होता. पुण्याचा रस्ता शत्रूच्या हातात आहे असं त्याने धरलं. अंधार पडल्यावर आधी पुण्याकडे निघाल्यासारखं दाखवलं, मग तोंड फिरवून शिरूरची वाट धरली. जमेल तेवढे जखमी बरोबर घेतले. ३ तारखेच्या सकाळी ही माणसं शिरूरला पोचली, तीही ढोल वाजवत, निशाण फडकवत. लष्करी भाषेत याला माघारच म्हणतात. त्याला हुकूम होता पुण्याला जाण्याचा. तो पुण्याला गेला नाही.

आणि पेशवा? त्याचा डाव होता पुणं. पुण्याचं रक्षण करायला निघालेली जेमतेम आठशे माणसांची तुकडी वाटेत एका गावात कोंडली गेली होती, तहानेने अर्धमेली झाली होती, आणि तरी तिला संपवता आलं नाही. जनरल स्मिथ जवळ आल्याची खबर लागली आणि बाजीरावाने पुण्याचा नाद सोडून दक्षिणेची वाट धरली. पुणं त्याला पुन्हा कधी मिळालं नाही. चाकणचा भुईकोट फेब्रुवारीत कर्नल डीकनच्या तुकडीने घेतला, त्याच महिन्यात सातारा पडला, आष्टीला बापू गोखले लढता लढता मेले. त्यांच्याबद्दल आम्हाला वाईट बोलायचं नाही, रणात मेलेला माणूस होता. त्यांचा धनी मात्र तिथूनही निसटला आणि ३ जून १८१८ ला जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला.

म्हणजे एकाने शिरूरपर्यंत माघार घेतली, दुसऱ्याने राज्य जाईपर्यंत. कँटीनमधल्या त्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. 'आम्ही कापून काढलं' म्हणण्याची गरजच पडत नाही. एका दिवसात पेशवाई बुडाली नाही, ती पाच महिन्यांनी बुडाली. पण पुण्यावर परत झडप घालण्याचा पेशव्याचा शेवटचा प्रयत्न कोरेगावच्या बोळांत अडला, आणि तो अडवणाऱ्यांत आपली माणसं होती. एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

आता 'स्वातंत्र्ययुद्ध' हा शब्द घेऊ. स्वातंत्र्य कोणाचं, हा आमचा साधा प्रश्न आहे.

३१ डिसेंबर १८०२ ला वसईला तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वतःच्या घरात कोणी आणली? याच बाजीरावाने. होळकरांनी पुण्यातून हुसकल्यावर त्याला मे १८०३ मध्ये पुन्हा गादीवर कोणी बसवलं? आर्थर वेलस्लीच्या फौजेने. जवळपास पंधरा वर्षं हा माणूस कंपनीच्या संगिनींच्या सावलीत राज्य करत होता. जून १८१७ च्या पुणे तहाने त्याचे पंख छाटले तेव्हा तो उठला. उठला हे खरं, पण त्याला स्वातंत्र्ययोद्धा म्हणायचं तर आधीची पंधरा वर्षं इतिहासाच्या पुस्तकातून फाडावी लागतील.

छत्रपती कुठे होते? साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज त्या दिवशी कोरेगावलाच होते, पेशव्याच्या तळावर. खुशीने नव्हे, पेशव्याने त्यांना बरोबर फिरवत ठेवलं होतं. ऊन लागतं म्हणून महाराजांनी आफ्ताबगिरी धरायला सांगितली, तर इंग्रज त्यावर नेम धरून तोफ डागतील या भीतीने बाजीरावाने ती खाली घ्यायला लावली, असा किस्सा ग्रँट डफने नोंदवला आहे. शिवरायांच्या वंशजाला डोक्यावर सावली धरण्याची मुभा नाही, त्या राज्याला स्वराज्य कसं म्हणायचं, हे आमच्या मराठा मित्रांनी आम्हाला सांगावं. प्रतापसिंह पेशव्याच्या कैदेतून सुटले ते आष्टीच्या लढाईत, इंग्रजांच्या हातून.

शरण गेलेल्या पेशव्याला कंपनीने बिठूरला बसवलं आणि वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन दिली. १८५१ मध्ये मरेपर्यंत त्याने ती खाल्ली. त्या काळात याच पुणे-जुन्नरच्या डोंगरांत कंपनीशी कोण लढत होतं? रामोशी आणि महादेव कोळी. उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी झाली. राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्याला फासावर गेले. या दोघांना कोणी आठ लाख दिले नाहीत. परकीय सत्तेशी लढलेल्यांची यादी करायची असेल तर इथून सुरू करा, आम्ही तुमच्या बरोबर बसून यादी करू. त्या यादीत आमच्या मातंग भावांचं नावही येतं : लहुजी वस्तादांचे वडील राघोजी साळवे १८१७ मध्ये पुण्याच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले, असं त्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगतात. अस्पृश्य माणूस दोन्ही बाजूंना होता. दोन्ही फौजांनी त्याचं रक्त घेतलं.

मग आपले पूर्वज कंपनीच्या फौजेत का गेले? इथे आम्ही आपल्याही लोकांना थोडं टोचणार आहोत. ते जातीचा सूड घ्यायला भरती झाले होते, असं आज आपण सांगतो. ते पोट भरायला भरती झाले होते. महार शिवकाळात गडांवर पहारे देत होते, लढत होते. कंपनीने मुंबईच्या फौजेत त्यांना घेतलं, ठरल्या तारखेला पगार दिला, म्हणून ते गेले. आमच्या पट्ट्यात हे वेगळं समजावायला नको. इथे घराघरातून माणूस सकाळी निघताना 'कंपनीत चाललो' म्हणतो. कंपनी जर्मन आहे की कोरियन हे पाहून कोणी अर्ज करत नाही, आणि जर्मन कंपनीत फिटर झाला म्हणून कोणी त्याला देशद्रोही म्हणत नाही. १८१८ मध्ये अख्ख्या हिंदुस्थानात मराठे, राजपूत, मुसलमान, ब्राह्मण शिपाई कंपनीचा पगार घेत होते. स्तंभावर मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातली २२ 'नाक' शेवट असलेली, म्हणजे महारांची. उरलेल्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायलही आहेत. पुढे १८२४ मध्ये स्तंभाच्या देखरेखीसाठी नेमलं ते त्याच लढाईत जखमी झालेल्या खंडोजी बिन गजोजी जमादार यांना, जे मराठा होते. तेव्हा गद्दार ठरवायचे तर सगळे ठरवा. एकाच जातीला वेगळं काढून गद्दार म्हणणं म्हणजे मडकं आणि झाडू पुन्हा गळ्यात अडकवणं आहे.

मडकं-झाडूवरून आठवलं. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं आणि पाऊल पुसलं जावं म्हणून कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये लिहिलं आहे. भरती पोटासाठी झाली असेल. पण त्या दिवशी गावाच्या भिंतीआड तहानेने मरत असताना शिपायाला शरण जाऊन कोणाच्या हाती पडायचं आहे हे ठाऊक होतं. पगारासाठी माणूस किती तास लढतो, हेही विचारायला हवं.

पण कंपनीने तरी काय दिलं? स्टॉन्टनला संचालकांनी तलवार आणि पाचशे गिनी दिल्या. शिपायांपैकी जे ३३ वर्षांनी जिवंत राहिले त्यांना १८५१ मध्ये पदक मिळालं. आणि १८२१ हे साल पाहा. त्या वर्षी भीमेच्या काठी स्तंभाचा पाया घातला, ज्यावर आपल्या मेलेल्यांची नावं कोरली गेली. त्याच वर्षी कंपनी सरकारने पुण्यात विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली, पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून, ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. आम्हाला दगड आणि त्यांना शाळा. पेशवा गेला, पण गावातला विहिरीचा कायदा बदलला नाही. पुढे १८९२ च्या सुमारास 'लढवय्या जमाती'चं खूळ काढून महारांची भरतीच बंद केली.

आम्हाला वाटतं कोरेगावचा खरा इतिहास या ठिकाणी सुरू होतो. कारण आता आपली माणसं त्या दगडाकडे वळली आणि त्यांनी त्याचा अर्थ बदलला. इंग्रजांनी तो स्तंभ आपल्या साम्राज्याच्या बढाईसाठी उभारला होता. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी, त्यांच्यानंतर पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी हक्काचे अर्ज लिहायला घेतले. १९१० च्या अर्जात कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्याला विचारलं, आमचे बापजादे तुमच्यासाठी लढले, मग फौजेची आणि पोलिसाची दारं आम्हाला बंद का? हा माणूस पुण्यात युरोपियनांच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरकी करत होता आणि १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' नावाचं मासिक काढत होता. आज आमच्यातले काही जण बारा तासांची पाळी करून ब्लॉग लिहितात, त्यांनी कांबळे जरूर वाचावेत. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा इंग्रजांनी १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. आपल्या कंत्राटी कामगाराला हा व्यवहार ओळखीचा वाटेल.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला आले. अठ्ठ्याहत्तर दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्या परिषदेतल्या भाषणातही त्यांनी फौजेतल्या बंद भरतीचा विषय काढला होता. पेन्शनर शिपायांच्या घरात वाढलेल्या सुभेदार रामजींच्या मुलाला हे दोन धागे वेगळे दिसत नव्हते. आणि जे म्हणतात की आंबेडकर इंग्रजांच्या बाजूचे होते, त्यांनी १९३० चं गोलमेज परिषदेतलं भाषण काढून पाहावं. लंडनमध्ये, इंग्रज पंतप्रधानासमोर, बाबासाहेबांनी विचारलं होतं की तुमच्या राज्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आज येतं का? आणि आम्हाला लोकांचं राज्य हवं असं सांगून टाकलं होतं. कोरेगावचा हिशेब त्यांनी पेशव्याशी मांडला तसा इंग्रजांशीही मांडला.

आपल्यातल्याच एका विचारवंताचा आक्षेपही इथे घ्यायला हवा. आनंद तेलतुंबडे यांनी जानेवारी २०१८ मध्ये लिहिलं की कोरेगाव ही जातीविरुद्धची लढाई होती ही एक दंतकथा आहे आणि ती कवटाळून आपण ओळखीच्या राजकारणात अडकतो. त्यावर आपल्या लोकांनी त्यांना भरपूर शिव्या घातल्या. दोन वर्षांनी, १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, त्यांनाच एल्गार परिषद प्रकरणात तुरुंगात जावं लागलं. कोरेगावच्या उत्सवावर टीका करणारा माणूस कोरेगावच्या नावाने आत, हे या देशातच घडू शकतं. १८१८ बद्दल त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे असं आम्ही मानतो. जे आम्हाला पटत नाही ते पुढचं. स्तंभाचा अर्थ १८१८ च्या शिपायाने दिलेला नाही, तो वलंगकर-कांबळ्यांपासून बाबासाहेबांपर्यंतच्या माणसांनी दिला. ती दंतकथा नाही. त्या अर्जांवर सह्या आहेत, तारखा आहेत, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट आहे, जिच्या पहिल्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता.

२०१८ च्या १ जानेवारीला त्या रस्त्यावर आपल्या माणसांवर दगड पडले ते १८१८ च्या कंपनीचा राग म्हणून नव्हते. निळा झेंडा लावलेली गाडी आपल्या गावातून ताठ मानेने जाते, हा राग होता. सणसवाडीत आपल्याच पोरांबरोबर एका लाइनवर काम करणारी पोरंही त्या दिवशी दगड घेऊन उभी असतील, ही आमची खरी चिंता आहे. त्यांच्याशी बोलायचं तर 'अठ्ठावीस हजार कापले' या मेसेजने बोलता येणार नाही. स्तंभावर त्यांच्याही पणजोबांची नावं आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

यंदा चाकण-शिक्रापूर रस्त्याने जाणाऱ्यांनी एवढं करावं. स्तंभापाशी गर्दी असते, फुलं वाहून पुढे सरकावं लागतं, तरी नावांच्या दगडासमोर दोन मिनिटं थांबावं आणि सगळी ४९ वाचावीत, फक्त २२ नव्हे. फोटो काढून आणला तर पुढच्या अभ्यासवर्गात तीच नावं घेऊन बसू, एकेक करून.